समुद्रांत पेरलेले मासे

(नभोवाणीवरून केलेलें भाषण)

शेतकरी बीं पेरतो, पीक कापतो, आणि कापलेल्या पिकांतलें कांहीं पुढल्या पेरणीकरितां कणगींत राखून ठेवतो. कोळी मात्र पेरणी न करतांच कापणी करीत आला आहे. समुद्राचें शेत कोणी नांगरलें नाहीं, त्यांत कोणी बीं टाकलें नाहीं, तरी तें दरसाल पिकतें, या अनुभवावर किनाऱ्यावरचीं गांवें हजारों वर्षें जगलीं. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास युरोप व अमेरिका येथील कित्येक किनाऱ्यांवर हें पीक उणें पडूं लागलें, आणि तेव्हां साहजिकच एक विचार पुढें आला. मासे कमी होत असतील तर आपणच ते पेरावे! अंडीं आपल्या देखरेखीखालीं उबवावीं, पिलें समुद्रांत सोडावीं, आणि तीं मोठीं झालीं कीं पुन्हा धरावीं. विचार इतका सरळ आहे कीं, त्यांत चूक कोठें असेल हें चटकन् ध्यानांत येत नाहीं.

या विचाराचा दीडशें वर्षांचा इतिहास आज आपणांपुढें थोडक्यांत मांडावयाचा आहे. तो सांगण्याचें कारण केवळ कुतूहल नव्हे. इ. स. २०२० मध्यें सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेंत आपल्या देशाच्या किनाऱ्यालगत कृत्रिम खडक रचण्याची व समुद्रांत पिलें सोडण्याची तरतूद आहे. या कामीं पैसा जनतेचा आणि आशा कोळ्यांची. अशा वेळीं इतरांनीं ही पेरणी कशी केली, आणि तिचें पुढें काय झालें, हें जाणून घेणें अगत्याचें आहे.

ही कल्पना प्रथम समुद्रांत नव्हे, नदींत उपजली. मादीचीं पक्व अंडीं पिळून भांड्यांत घ्यावीं, त्यांवर नराचें रेत सोडावें, आणि फळलेलीं अंडीं वाहत्या पाण्यांत ठेवावीं, म्हणजे पिलें निपजतात, ही गोष्ट जर्मनींतील श्टेफान लुडविग याकोबी यानें ट्राउट माशावर प्रयोग करून इ. स. १७६३ मध्यें प्रसिद्ध केली. पुढें ती जवळजवळ विसरली गेली. १८४० नंतर फ्रान्समधील व्होज डोंगरांतल्या रेमी व झेआँ या दोन साध्या मासेमारांनीं तीच युक्ति स्वतंत्रपणें शोधून काढली, आणि १८५२ मध्यें फ्रेंच सरकारनें ह्यूनँग येथें मोठें उबवणी-केंद्र उभारण्यास आरंभ केला. तेथून ही विद्या साऱ्या युरोपांत व अमेरिकेंत पसरली.

नदीच्या माशांचें हें जमलें, पण समुद्राच्या माशांचें काय? त्यांचीं अंडीं कोठें असतात हेंच कोणास नीट ठाऊक नव्हतें. नॉर्वेच्या उत्तरेस लोफोतेन बेटांपाशीं हिंवाळा सरतां सरतां कॉड माशांचे प्रचंड थवे अंडीं घालण्यास येतात. तेथें अभ्यासासाठीं गेलेल्या गेओर्ग ओस्सियान सार्स या तरुण प्राणिशास्त्रज्ञास १८६४ च्या सुमारास असें आढळून आलें कीं, कॉडचीं अंडीं तळाशीं बसत नाहींत. तीं पाण्याच्या वरच्या थरांत तरंगतात. जें तरंगतें तें गोळा करतां येतें. शिवाय एक मोठी कॉड मादी एका हंगामांत पन्नास लाखांपर्यंत, केव्हां केव्हां त्याहूनहि अधिक, अंडीं घालते, आणि त्यांपैकीं जवळजवळ सर्व नाश पावतात. निसर्गाच्या या उधळपट्टींतून थोडा जरी अंश मनुष्यानें वांचविला, तरी समुद्र माशांनीं भरून जाईल, असें वाटणें स्वाभाविक होतें.

अमेरिकेनें या कामीं पुढाकार घेतला. तेथें १८७१ मध्यें मत्स्य-आयोग स्थापन झाला व त्याचे पहिले प्रमुख स्पेन्सर बेअर्ड यांनीं नद्यांबरोबर समुद्राकडेहि लक्ष वळविलें. १८७८ मध्यें मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील ग्लॉस्टर बंदरीं कॉडचीं अंडीं उबविण्यास प्रारंभ झाला; पुढें १८८५ मध्यें वुड्स होल येथें कायमचें केंद्र उभें राहिलें. लोकांच्या विश्वासास बळकटी देणारी एक घटनाहि याच वेळीं घडली. पट्टेदार बास नांवाचा मासा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असतो. पश्चिम किनाऱ्यावर तो नव्हता. १८७९ मध्यें न्यू जर्सी येथील एका नदींतून धरलेले सुमारें एकशें तीस लहान बास आगगाडीनें देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेऊन सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडींत सोडण्यांत आले, आणि १८८२ मध्यें आणखी सुमारें तीनशें. वीस वर्षांच्या आंत त्या पाण्यांत दरसाल दहा लाख पौंडांहून अधिक बास धरले जाऊं लागले! एवढ्याशा बियाण्याचें एवढें पीक पाहिल्यावर कोणास शंका उरणार? परंतु या यशांत एक गोष्ट दृष्टीआड झाली. ते मासे कांहीं दिवसांचीं नाजूक पिलें नव्हते, चांगले वाढीस लागलेले होते. आणि ज्या पाण्यांत ते सोडले तेथें त्यांच्या जातीचा दुसरा एकहि मासा नव्हता. रिकाम्या घरांत पाहुणा आणणें वेगळें आणि भरलेल्या घरांत आणखी माणसें कोंबणें वेगळें.

त्या काळीं दुसरेंहि एक मत प्रचलित होतें. लंडन येथें १८८३ मध्यें भरलेल्या आंतरराष्ट्रीय मत्स्यप्रदर्शनांत टॉमस हक्सली यांच्यासारखे विद्वान् सांगत होते कीं, कॉड व हेरिंग यांसारख्यांच्या मोठ्या मासेमाऱ्या मनुष्याच्या हातून बहुधा संपावयाच्याच नाहींत. एका पक्षाचें म्हणणें समुद्र अक्षय आहे. दुसऱ्याचें म्हणणें समुद्र आटला तर आम्ही तो भरूं. दोन्ही मतें परस्परविरोधी दिसतात, पण एका बाबतींत त्यांचें एकमत होतें. धरणाऱ्यानें हात आवरता घ्यावा, हें कोणालाच सांगावें लागत नव्हतें. उबवणी-केंद्रें सरकारास, मासेमारांस व व्यापाऱ्यांस सारखींच प्रिय झालीं, याचें हें एक मोठें कारण होय.

आतां या इतिहासांतील मुख्य प्रकरणाकडे वळूं. नॉर्वेच्या दक्षिण किनाऱ्यावर आरेंदाल नांवाचें बंदर आहे. तेथील गुंडर मॅथिसेन दॅनेविग हे मूळचे जहाजाचे कप्तान. डोंगरांत खोलवर शिरलेल्या त्या बाजूच्या खाड्यांत कॉड कमी होत आहे हें पाहून त्यांनीं १८८२ मध्यें शेजारच्या फ्लोदेविगेन येथें उबवणी-केंद्राची स्थापना केली. दॅनेविग हे कल्पक गृहस्थ होते. मादी हातानें पिळून अंडीं काढण्याऐवजीं त्यांनीं नर व माद्या मोठ्या कुंडांत एकत्र ठेविल्या. मासे आपल्या स्वभावानें अंडीं घालीत, तीं वर तरंगत, आणि कुंडाबाहेर वाहणाऱ्या पाण्याबरोबर येऊन बारीक कापडाच्या गाळणींत अडकत. मग तीं पेट्यांत घालीत. या पेट्या पाण्यांत सतत हळूहळू वर-खालीं हालत राहतील अशी यंत्रयोजना त्यांनीं केली होती, म्हणजे समुद्राच्या लाटांचें काम यंत्रानें होई. ही पद्धति इतकी नामी ठरली कीं स्कॉटलंडमधील डनबार येथें तिचें अनुकरण झालें, आणि न्यूफाउंडलंड बेटाच्या सरकारनें अडोल्फ नील्सेन या नॉर्वेजियन तज्ज्ञास बोलावून १८८९ मध्यें डिल्डो बेटावर कॉड व शेवंड उबविण्याचें केंद्र काढलें.

फ्लोदेविगेन येथून दर वसंत ऋतूंत कोट्यवधि पिलें बाहेर पडत. पिलें म्हणजे काय, याची मात्र कल्पना केली पाहिजे. जेमतेम चार मिलिमीटर लांबीचे, काचेसारखे पारदर्शक जीव. पोटाखालीं बलकाची इवलीशी पिशवी, आणि ती कांहीं दिवसांतच संपावयाची. तीं पिंपांत भरून बोटीनें खाड्यांत नेत व ओतीत. हें काम वर्षानुवर्षें चाललें. आसपासचे मासेमार सांगूं लागले कीं लहान कॉड पूर्वीपेक्षां अधिक दिसतो. दॅनेविग यांनाहि तसेंच वाटत होतें.

शंका काढणारे गृहस्थ होते योहान योर्ट. १९०० मध्यें नॉर्वे सरकारनें समुद्रसंशोधनासाठीं नवें जहाज बांधलें, त्या संशोधनाचे ते धुरीण. त्यांनीं व त्यांचे सहकारी क्नूत दाल यांनीं साधा प्रश्न विचारला. सोडलेलीं पिलें जगलीं, हें कशावरून? त्या वर्षीं लहान मासे पुष्कळ दिसले खरे, पण पिलें सोडलीं नसतीं तर ते कमी दिसले असते, याला पुरावा काय? दॅनेविग यांचें उत्तर अनुभवाचें होतें, योर्ट यांची मागणी मोजणीची होती. दोन्ही पक्ष प्रामाणिक होते, व दोघांच्याहि डोळ्यांपुढें मासेमारांचें हितच होतें. म्हणूनच हा वाद इतका तीव्र झाला. अखेर १९०३ पासून खाड्यांतून जाळीं ओढून लहान कॉडची प्रत्यक्ष गणना करण्यांत आली. १९०६ मध्यें दाल व दॅनेविग यांचा अहवाल बाहेर पडला. पण त्यांतील आंकड्यांवरून दोघांनीं काढलेलीं अनुमानें भिन्न होतीं. लहान माशांची संख्या निसर्गतःच एका वर्षीं एक तर दुसऱ्या वर्षीं कित्येक पट कमी-अधिक होत होती, आणि त्या चढउतारांत उबवणीचा परिणाम वेगळा ओळखणें कठीण होतें.

श्रोतेहो, येथें थोडा त्रैराशिकाचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. समजा, एका वर्षीं एखाद्या केंद्रानें पन्नास कोटि पिलें सोडलीं. आंकडा डोळे दिपविणारा आहे. पण एका मोठ्या मादीच्या पोटीं अंडीं पन्नास लाख. तेव्हां हीं पन्नास कोटि म्हणजे अवघ्या शंभर माद्यांची प्रजा. उबवितांना कांहीं वायां जातात म्हणून माद्या दुप्पट धरल्या, तरी दोनशें. गाभोळीनें भरलेल्या दोनशें माद्या मासेमारांनीं जाळ्यांतून परत सोडून दिल्या असत्या, तर जवळजवळ तेंच कार्य बिनखर्चानें झालें असतें! याची दुसरीहि बाजू पाहा. माशांची संख्या जेथें स्थिर आहे तेथें एका जोडप्याच्या लाखों अंड्यांतून सरासरीनें दोनच मासे वयांत येतात. त्या मानानें पन्नास कोटि पिलांतून मोठे मासे किती निपजणार? शंभर माद्यांचे दोनशें. अंड्यांच्या अवस्थेंतील नाश केंद्रानें टाळला, म्हणून त्याच्या आणखी कांहीं पट धरा. एवढी भर समुद्रास कळणारहि नाहीं.

या वादानें योर्ट यांच्या मनांत एक मोठा प्रश्न जागा ठेवला. माशांची संख्या वर्षावर्षाला इतकी बदलते तरी कां? खवल्यांवरील वलयें मोजून हेरिंग माशांचें वय ठरवितां येतें, या साधनाच्या मदतीनें त्यांनीं दाखवून दिलें कीं, १९०४ या एका सालीं जन्मलेल्या हेरिंगांची पिढी पुढें अनेक वर्षें नॉर्वेच्या जाळ्यांत सर्वांहून अधिक प्रमाणांत येत राहिली. १९१४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रबंधांत त्यांनीं असा तर्क मांडला कीं, एखाद्या सालची पिढी मोठी होणार कीं लहान, हें पिलूं अगदीं कोवळें असतांनाच, बलक संपून त्यास स्वतः अन्न शोधावें लागतें त्या सुमारासच ठरून जातें. त्या वेळीं पाण्यांत सूक्ष्म अन्न असलें तर पिढी जगते, नसलें तर मरते. हा तर्क पुढें पुष्कळ सुधारला गेला, तरी मत्स्यशास्त्राची उभारणी बऱ्याच अंशीं त्यावर झाली. आणि उबवणी-केंद्रें पिलें सोडीत होतीं तीं नेमकीं याच अवस्थेंत! मृत्यूच्या दारापर्यंत त्यांना जपून आणावयाचें आणि दारांत हात सोडावयाचा, असा तो प्रकार होता.

१९११ मध्यें दॅनेविग वारले व केंद्र त्यांचे पुत्र आल्फ यांच्याकडे आलें. पित्याचें काम त्यांनीं बंद केलें नाहीं. पण १९१९ पासून एक नवीन परिपाठ सुरू केला. दर शरद ऋतूच्या आरंभीं ठराविक खाड्यांत, ठराविक जागीं, किनाऱ्यावरून जाळें ओढावयाचें आणि त्यांत आलेले लहान मासे जातवार मोजून नोंदावयाचे. आपल्या कोंकणांत जिला रापण म्हणतात तशाच प्रकारचें हें जाळें. ही नोंद पुढें चालत राहिली, आणि शंभर वर्षांहून अधिक काळाची अशी मोजणी जगांत क्वचितच सांपडेल. पिलें सोडणें १९७१ मध्यें थांबलें, कारण त्याचा उपयोग आंकड्यांनीं सिद्ध होईना. पुढें २००३ च्या सुमारास निल्स स्टेन्सेथ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्याच जुन्या नोंदी नव्या गणितानें तपासल्या. तेव्हांहि पिलें सोडल्याचा ठसा त्यांत उमटलेला दिसला नाहीं. जवळजवळ नव्वद वर्षें ओतलेल्या पिलांचा माग समुद्रांत राहिला नाहीं. राहिली ती त्यांच्या निमित्तानें सुरू झालेली मोजणी.

अमेरिकेंतहि असेंच झालें. तेथील केंद्रांनीं कॉड, हॅडॉक, चपटे मासे व शेवंड यांचीं अब्जावधि पिलें समुद्रांत सोडलीं. शेवटीं १९५० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत हीं समुद्रावरचीं केंद्रें गुंडाळण्यांत आलीं. इतकीं वर्षें तीं चाललीं कशीं, असा प्रश्न पडेल. याचें उत्तर कचेऱ्यांच्या कारभारांत आहे. वार्षिक अहवालांत लिहावयास सोडलेल्या पिलांची संख्या नेहमीं तयार असे, आणि ती दरवर्षीं वाढवितां येत असे. परत आलेल्या माशांचा रकाना त्या अहवालांत नव्हताच.

तर मग ही सारी खटपट व्यर्थच समजावयाची काय? तसें नाहीं. या इतिहासाचा दुसरा भाग जपानांत घडला, आणि तो अधिक शहाणपणाचा आहे.

जपानांत सॅमन जातीच्या माशांविषयीं फार जुनी परंपरा होती. मुराकामी येथील आओतो बुहेइजी या सामुराईनें अठराव्या शतकांत मिओमोते नदीचा एक फांटा माशांना अंडीं घालण्यासाठीं राखून ठेवण्याची व्यवस्था केली. त्यास ‘तानेगावा’ म्हणजे बियाण्याची नदी म्हणत. अंडीं उबविण्याची पाश्चात्य विद्या तेथें आली ती यानंतर. १८८८ मध्यें होक्काइदो बेटावर चितोसे येथें मोठें केंद्र निघालें. समुद्राच्या जिवांकडे जपान वळला तो मोतोसाकु फुजिनागा यांच्या कोळंबीवरील संशोधनामुळें. १९३४ पासून ते ‘कुरुमा’ कोळंबीचीं पिलें वाढविण्याच्या मागें लागले. पिलाच्या प्रत्येक अवस्थेस कोणतें अन्न लागतें, हें त्यांनीं चिकाटीनें शोधलें. पहिल्या दिवसांत सूक्ष्म वनस्पति, मग सूक्ष्म प्राणी. १९४२ मध्यें त्यांचा प्रबंध प्रसिद्ध झाला, आणि आज जगभर कोळंबीची जी शेती चालते तिचा पाया या संशोधनानें घातला.

१९६३ मध्यें जपानच्या सेतो या अंतर्गत समुद्राच्या किनाऱ्यावर, पिलें वाढवून सोडण्याचें काम संघटितपणें सुरू झालें. युरोपच्या जुन्या प्रयोगांहून यांत मोठा फरक होता. पिलें दोन-चार दिवसांचीं असतांना सोडावयाचीं नाहींत. तीं बोटाएवढीं होईपर्यंत पोसावयाचीं, मग उथळ पाण्यांत जाळें लावून तेथें कांहीं दिवस ठेवावयाचीं, म्हणजे शत्रूपासून पळणें व वाळूंत दडणें त्यांना साधतें. आणि नंतरच मोकळीं करावयाचीं. शिवाय, परत किती आलीं हें मोजावयाचें. यास एक मजेदार साधन सांपडलें. हिरामे नांवाचा आपल्या लेप माशासारखा चपटा मासा आहे. कुंडांत वाढलेल्या हिरामेच्या पांढऱ्या पोटावर पुष्कळदां काळे डाग उमटतात; समुद्रांत जन्मलेल्या माशांत ते सहसा नसतात. तेव्हां बाजारांत जाऊन मासे उलटून पाहिले कीं, पेरलेले किती आणि निसर्गाचे किती, याचा अंदाज तेथेंच होतो.

सर्वांत ठळक यश मिळालें तें माशांत नव्हे, शिंपल्यांत. होक्काइदोच्या उत्तर टोंकास सारुफुत्सु नांवाचें गांव आहे. तेथील समुद्रतळावर पंख्याच्या आकाराचे स्कॅलप नांवाचे मोठे शिंपले विपुल होते. ते बेसुमार उपसले गेले आणि धंदा बुडाला. १९७१ मध्यें गांवच्या मासेमारांनीं पिलें सोडण्याचें धाडस केलें. यांत पिलें कुंडांत उबवावीं लागत नाहींत. समुद्रांत तरंगणारीं सूक्ष्म पिलें जाळीच्या पिशव्या टांगून त्यांवर बसवितात, आणि वर्षभर जपून मग तळावर सोडतात. पण त्याआधीं आणखी एक काम असतें. शिंपल्यांचा वैरी जो तारामासा, तो तळावरून खरवडून काढावयाचा. समुद्रतळाचे भाग पाडावयाचे. एका वर्षीं एका भागांत पेरणी, दुसऱ्या वर्षीं दुसऱ्या, आणि पहिल्या भागाची कापणी तीन-चार वर्षांनीं. हा सगळा तळ गांवच्या सहकारी संघाच्या हक्काचा. बाहेरच्यास तेथें जाळें टाकतां येत नाहीं. शिंपला तर फारसा दूर जात नाहीं. अर्थात् जो पेरतो तोच कापतो. होक्काइदोच्या स्कॅलपांचें वार्षिक उत्पन्न पुढें तीन लाख टनांच्या घरांत गेलें, आणि बुडालेलें तें गांव संपन्न गांवांत गणलें जाऊं लागलें.

पण जपानांतहि सर्वत्र असें झालें नाहीं. त्याच होक्काइदोंत व आसपास दरसाल शंभर कोटींहून अधिक सॅमन पिलें नद्यांतून समुद्रांत सोडली जातात. १९९६ मध्यें परत आलेल्या माशांची संख्या पावणेनऊ कोटींच्या आसपास होती. पुढें, सोडलेल्या पिलांची संख्या त्या मानानें फारशी घटली नसतांहि, परत येणारे मासे कित्येक वर्षीं तिसऱ्या हिश्श्याच्याहि खालीं गेले. किनाऱ्याचें पाणी पूर्वीपेक्षां उष्ण झालें आणि कोवळ्या पिलांस तें सोसेनासें झालें, हें त्याचें एक प्रमुख कारण शास्त्रज्ञ देतात. पेरणारा तोच, बियाणें तेंच, पण शेत बदललें.

नॉर्वेनेंहि १९९० नंतर पुन्हा एकदां प्रयत्न केला. या खेपेस पिलें मोठीं करून, खुणा करून, पुरती मोजणी ठेवून. क्वित्सोय बेटापाशीं १९९० ते १९९४ या काळांत शेवंडीचीं सव्वा लाखांवर पिलें सोडलीं. प्रत्येकाच्या अंगांत बारीक तारेचा तुकडा खूण म्हणून घातलेला होता. कांहीं वर्षांनीं तेथें धरल्या जाणाऱ्या शेवंडींत निम्म्याच्या आसपास या खुणेच्या निघाल्या. पेरलेलें उगवतें, हें येथें निःसंशय दिसलें. मात्र शेवंडीचीं पिलें एकमेकांस खातात, म्हणून प्रत्येकास वेगळ्या खणांत वाढवावें लागतें. त्यामुळें खर्च पुष्कळ. कॉडच्या बाबतींत मात्र पिलें मोठीं करून सोडलीं तरी हिशेब जमला नाहीं. खाडींत अन्न जितकें, तितकेच मासे तेथें पोसले जातात.

आपल्या देशाजवळचा दाखला मोत्यांचा आहे. तुतिकोरीन व सिलोन यांमधील मन्नारच्या आखातांत मोत्यांच्या शिंपांचे तळ प्राचीन काळापासून प्रसिद्ध आहेत. त्यांचें लक्षण असें कीं कांहीं वर्षें शिंपांची रेलचेल, आणि मग अनेक वर्षें एकहि नाहीं. आइल ऑफ मॅन बेटावर पोर्ट एरिन येथें उबवणी-केंद्र चालविणारे प्राध्यापक विल्यम हर्डमन यांस १९०२ मध्यें याच कोड्याच्या शोधासाठीं सिलोनला आणलें होतें. त्यांचे सहायक जेम्स हॉर्नेल पुढें मद्रास इलाख्याच्या मत्स्यखात्याचे प्रमुख झाले. वादळानें हलणारी वाळू, आणि पाकट व इतर मासे, हे शिंपांचे वैरी त्यांनीं नोंदले व कोवळ्या शिंपा सुरक्षित तळावर हालवाव्या अशी सूचना केली. १९०६ मध्यें एका कंपनीनें सिलोनचे तळ वीस वर्षांच्या करारानें घेतले; पण १९०७ नंतर शिंपा नाहींशा झाल्या, आणि कंपनीस गाशा गुंडाळावा लागला.

तुतिकोरीनकडील शेवटची मोत्यांची मासेमारी १९६१ मध्यें झाली. पुढें केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं तेथें फार मोठें काम केलें. १९७३ मध्यें के. अळगरस्वामी यांनीं शिंपेंत मोतीं पिकविण्यांत यश मिळविलें, १९८१ मध्यें शिंपेचीं पिलें प्रयोगशाळेंत निपजूं लागलीं, आणि १९८५ ते १९९० या काळांत सुमारें दहा लाख कोवळ्या शिंपा समुद्रतळावर सोडण्यांत आल्या. विद्या सिद्ध झाली यांत शंका नाहीं. पण मोत्यांची मासेमारी त्या तळांवर पुन्हा भरली नाहीं. ज्या वैऱ्यांची नोंद हर्डमन व हॉर्नेल यांनीं केली होती ते तेथें होतेच. होक्काइदोच्या मासेमारांप्रमाणें तळ झाडून घेणें, राखणें, व पाळीनें कापणें या गोष्टींवांचून नुसत्या बियाण्याचा निभाव लागणें कठीण.

हा सर्व इतिहास एकत्र पाहिला म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. अंडीं उबविणें ही विद्या अवघड असली तरी ती मनुष्यास साधली आहे. न साधलेली गोष्ट दुसरीच आहे. पिलूं पाण्यांत पडल्यानंतर त्याचें अन्न, त्याचा वैरी, त्याचें पाणी, आणि त्यास धरणारा मनुष्य, यांची काळजी कोणी वाहावयाची? जेथें ही काळजी घेतली गेली तेथें समुद्रानें पेरलेलें परत दिलें. जेथें केवळ पिलांची संख्या वाढविण्यांत समाधान मानलें तेथें तें दिलें नाहीं. पिलें मोजक्याच आईबापांचीं असलीं तर साऱ्या जातीचें बळ कमी होण्याची भीतिहि आतां शास्त्रज्ञांस वाटते. तेव्हां ही पेरणी सढळ हातानें करण्याची वस्तु नव्हे, विचारानें करण्याची आहे.

आपल्या कोळ्यांची चाल अशी कीं पावसाळ्यांत होड्या किनाऱ्यास ओढावयाच्या आणि नारळी पौर्णिमेस समुद्राची पूजा करून मगच बाहेर पडावयाचें. पावसाळ्यांतील मासेमारीबंदीचा कायदा त्या चालीशीं मिळताजुळता आहे. २०२३ मध्यें महाराष्ट्र सरकारनें चोपन्न जातींच्या माशांचें किमान आकारमान ठरवून त्याहून लहान मासे धरण्यास मनाई केली, आणि त्याच सालीं पापलेट हा राज्यमासा ठरला. हा नियम आणि पिलें सोडण्याची योजना, दोन्ही एकाच शेताचीं कामें आहेत. जाळ्यांतून सुटलेलें एक लहान पापलेट निसर्गाच्या सर्व परीक्षा उतरून आलेलें असतें. त्याची किंमत पिंपांतून ओतलेल्या हजारों कोवळ्या पिलांहून अधिक आहे. बाजारांत तळहाताएवढीं पापलेटें स्वस्त मिळतात म्हणून घरीं नेणारा गृहस्थहि या शेताचा एक वांटेकरीच आहे, आणि बियाणें खाणाऱ्या वांटेकऱ्याचें शेत फार दिवस पिकत नाहीं.

म्हणून आपल्या किनाऱ्यावर अमुक लाख पिलें समुद्रांत सोडलीं अशी वार्ता कानीं येईल, तेव्हां तिचें स्वागत अवश्य करावें. पण त्याबरोबर दोन प्रश्न विचारण्याचा हक्क नागरिकांनीं सोडूं नये: पिलें केवढीं होतीं आणि त्यांतील किती परत आलीं? आणि त्या पाण्यांत त्यांना वाढूं देण्याची जबाबदारी कोणीं घेतली आहे? पहिल्या प्रश्नाचें उत्तर मिळविण्यास नॉर्वेस नव्वद वर्षें लागलीं. आपणांस तितकीं लागण्याचें कारण नाहीं. रकाना आजच आंखून ठेवतां येईल.